नाशिकच्या उद्यानात दुर्मीळ पाहुणा पक्षी कसा हुडकायचा

डिसेंबर लागला की दुर्बिणी नांदूरमध्यमेश्वरकडे वळतात. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ते, गर्दी होणारच. पितृपंधरवड्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस मात्र शहरातल्या झाडांचे. उत्तरेकडून येणारे छोटे पक्षी बहुतेक रात्री उडतात, पहाटे जिथे झाडी दिसेल तिथे उतरतात आणि उतरल्या उतरल्या किडे शोधायला लागतात. म्हणून सूर्योदयानंतरचे दोन तास धरायचे. ऑक्टोबरात नाशिकला साधारण साडेसहाला उजाडतं, नऊनंतर ऊन चढलं की झाडं गप्प होतात. पावसाळी, ढगाळ रात्रीनंतरची सकाळ सहसा चुकवू नये.

जागा एकच निवडा. पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान, गोदापार्क, सोमेश्वरजवळचा नदीकाठ किंवा कॉलनीतली बाग, काहीही चालेल. आठवड्यातून दोनदा तोच किलोमीटरभराचा फेरा मारा. रोजचा शिंपी, सुभग, चष्मेवाला, नाचण डोळे मिटून ओळखता आले, की वेगळा पक्षी आपोआप खुपतो. ही पायरी गाळणाऱ्याला प्रत्येक मादी दुर्मीळ वाटते.

बागेत छाटलेल्या हिरवळीपेक्षा माळ्याने दुर्लक्षलेला कोपरा बघा: पालापाचोळ्याचा खड्डा, गळका नळ, घाणेरीची जाळी, जुना उंबर. हिरवळीवर पाणी मारून झालं असेल तर तिथे धोबी उतरतात. करडा धोबी सगळ्यांच्या आधी, ऑगस्टअखेर-सप्टेंबरातच येतो. पोट पिवळं, शेपटी लांब, ओढा-नदीच्या दगडांवर हमखास.

दुर्बीण ८×४२ (आठ पट, ४२ मिलिमीटरचं भिंग) घ्या. १० पटीची हातात जास्त थरथरते आणि दाट फांद्यांत पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. घेतल्यावर एकदा नीट लावून घ्या: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने समोरची पाटी स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. हे न केल्याने डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीवर जातो.

चालण्यापेक्षा थांबणं जास्त. चष्मेवाले, निखार, राखी वल्गुली यांची मिश्र टोळी आली की दहा मिनिटं हलू नका. पाहुणे वटवटे (वॉर्बलर) आणि लिटकुऱ्या (माशीमार, फ्लायकॅचर) तिच्या आजूबाजूलाच असतात. हलणारा प्रत्येक पक्षी तपासा, ओळखीचा वाटला तरी.

खरी परीक्षा लिटकुरीची. लाल कंठाची लिटकुरी हिवाळ्यात नेहमी येते. तिच्यासारखीच दिसणारी तैगा लिटकुरी आपल्याकडे बरीच कमी. दोघींच्या काळपट शेपटीच्या बाजूंना पांढरे पट्टे, दोघी शेपटी उचलतात. लोक नारिंगी गळ्याची वाट बघतात, पण माद्या आणि पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं मातकट-पांढरीच असतात. दोनच जागा बघा. चोचीचा खालचा भाग मुळाशी फिकट असेल तर लाल कंठाची. पूर्ण काळी चोच तैगाची. शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीपेक्षा फिकी असतील तर लाल कंठाची, शेपटीइतकी किंवा तिच्याहून काळी कुळकुळीत असतील तर तैगा. चूक होते ती उजेडामुळे: आभाळाच्या पार्श्वभूमीवर कुठलीही चोच काळीच दिसते. सूर्य पाठीशी येईल असं फिरून जा आणि मगच ठरवा. फोटो काढताना चेहऱ्यामागे लागू नका, चोचीचं मूळ आणि शेपटीचा वरचा भाग मिळवा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात शहराबाहेर माळाकडेच्या तारांवर नीलपंख दिसला तर त्याला चटकन 'आपलाच' म्हणू नका. आपल्या नीलपंखाची छाती तांबूस-तपकिरी, उडताना पंखांत गडद आणि फिक्या निळ्याचे पट्टे. युरोपियन नीलपंखाचं डोकं आणि छाती फिकट निळी, उडताना पंखांची टोकं सलग काळी. आफ्रिकेच्या वाटेवर असलेला हा पक्षी फार दिवस थांबत नाही. नोव्हेंबरात मान वर करायलाही विसरू नये: अमूर ससाण्याचा नर वरून करडा, पंखाखाली पांढरा.

मर्लिन अ‍ॅपने आवाजावरून नाव सुचवलं तर तो इशारा समजा, पुरावा नव्हे. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय नोंद करू नका. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं तर नकोच, प्रवासाने थकलेल्याला ते परवडत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वेळ, अंतर, संख्या आणि दिसलेले सगळे पक्षी लिहा, फक्त खास तेवढे नकोत. दुर्मीळ नावावर तपासणारे प्रश्न विचारतात, त्यामुळे पुस्तक उघडण्याआधी जागेवरच चोच, भुवई, पंखावरची पट्टी, शेपटी, पायाचा रंग या क्रमाने लिहून ठेवा. पुस्तक आधी पाहिलं की नसलेली भुवईही आठवायला लागते.

पक्षी निसटला तर वीसेक मिनिटं तिथेच थांबा. तरीही नाही दिसला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच झाडाखाली या: नीलपंख बहुधा पुढे गेलेला असेल, पण लिटकुरीने जागा धरली असेल तर ती हिवाळाभर त्याच फांद्यांत सापडते.