क्रॉनबॅक अल्फा ०.४२ वर अडकला तेव्हा

मॅनेजमेंटची पीएचडी, कर्मचारी-समाधानाची प्रश्नावली, १ ते ५ची लिकर्ट श्रेणी (१ म्हणजे पूर्ण असहमत, ५ म्हणजे पूर्ण सहमत). पायलटचे, म्हणजे चाचणी फेरीचे ४० फॉर्म एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये भरले आणि क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, आला ०.४२. गाइड किमान ०.७० मागतात. अशा वेळी आणखी फॉर्म भरून घ्यायचा मोह होतो. पण चूक कोडिंगमध्ये असेल तर फॉर्म वाढवून काही उपयोग नाही.

अ‍ॅनलाइझ, स्केल, रिलायबिलिटी अ‍ॅनालिसिस; तिथे स्टॅटिस्टिक्समध्ये ‘स्केल इफ आयटम डिलीटेड’वर टिक केली. तक्त्यात ‘करेक्टेड आयटम-टोटल कोरिलेशन’च्या (प्रश्नाचा बाकी प्रश्नांच्या बेरजेशी असलेला संबंध) रकान्यात चौथ्या आणि नवव्या प्रश्नापुढे उणे चिन्ह! दोन्ही विधानं उलटी होती. ‘नोकरी सोडावीशी वाटते’ याला ५ देणारा नाखूश असतो, बेरजेत मात्र तो खूश धरला जात होता. ट्रान्सफॉर्ममधल्या कम्प्यूटने नवा रकाना केला: ६ वजा जुना आकडा. जुना रकाना तसाच ठेवला, नाहीतर चुकून दुसऱ्यांदा उलटवला जातो आणि कळतही नाही. अल्फा ०.७८.

कोऱ्या उत्तरांना ९९ घातलं असेल तर आधी व्हेरिएबल व्ह्यूमध्ये ते मिसिंग म्हणून नोंदवा. ६ वजा ९९ म्हणजे उणे ९३. असे दोन-तीन आकडे सगळं बिघडवायला पुरे. प्रश्न वगळूनही अल्फा वाढतो, पण व्हायवात ‘का वगळला?’ हे विचारतातच.