ड्रेसेजचं खोगीर घोड्याला आणि स्वाराला कसं बसवावं

"सीट किती इंचाची घेऊ?" खोगीर घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण मला आधी हेच विचारतो. हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी घोड्याची पाठ, मग तुमची मांड. ड्रेसेजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि हालचाली अचूक करून घेण्याच्या खेळात, स्वार बहुतेक वेळ खोगिरात पूर्ण बसलेला असतो, अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या स्वारासारखा रिकिबीवर उठून पाठ मोकळी करत नाही. त्यामुळे खोगिरातली चूक पाठीला सतत सोसावी लागते.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसेज संघानं सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. तेव्हापासून उड्या सोडून ड्रेसेजकडे वळलेली मुलं माझ्याकडे येऊ लागली. बहुतेकांकडे शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड असतो. पुढचं सगळं अशाच घोड्याला धरून लिहिते आहे, कारण खोगीर बसवायला तोच सगळ्यांत अवघड.

जागा

घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा उभा हवा. नमदा (खोगिराखालचं जाड कापड) नको, तंग (पोटाखालून कसायचा पट्टा) नको. नुसतं खोगीर विदर्सच्या, म्हणजे मानेच्या बुडाशी खांद्यांमधल्या उंचवट्याच्या, जरा पुढे ठेवा आणि केसांच्या दिशेनं मागे सरकवत न्या. एका ठिकाणी ते आपोआप थांबतं, तीच त्याची जागा. खांद्याच्या पात्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे, कारण पुढचा पाय पुढे जातो तेव्हा पात्याचा वरचा भाग मागे सरकतो. खोगीर पुढे चढवून ठेवायची सवय असलेल्या मोतद्दारांना हे एकदा हात लावून दाखवा.

मागची हद्द शेवटच्या बरगडीची. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. शेवटची बरगडी बोटांनी चाचपत वर पाठीपर्यंत या आणि खडूनं खूण करा. खोगिराच्या खालच्या गादीचा पाठीला टेकलेला भाग त्या खुणेच्या मागे जाता कामा नये. दोन गाद्यांमधली खाच पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवी, म्हणजे मणके मोकळे राहतात.

ट्रीची रुंदी

ट्री म्हणजे खोगिराच्या आतला सांगाडा. त्याच्या रुंदीत बहुतेक सगळे चुकतात. मीही चुकले, आणि त्याची किंमत माझ्या घोड्यानं मोजली.

रेसकोर्सवरून आलेला माझा पहिला घोडा उंच विदर्सचा होता आणि पात्यामागे दोन्ही बाजूंना खळगे होते. खोगीर पुढे खाली बसायचं, विदर्सवर जेमतेम एक बोट जागा राहायची. सगळ्यांनी एकच सल्ला दिला: ट्री अरुंद करून घे. करून घेतला. पुढचा भाग छान वर आला, खाली चार बोटं जाऊ लागली, आणि काम झालं असं मला वाटलं. तीन आठवड्यांत तंग कसताना तो कान मागे टाकू लागला. सुरुवातीची दहा मिनिटं पावलं आखूड टाकायचा, डाव्या हाताला (डावीकडे वळत फिरताना) कँटर, म्हणजे संथ दौड, घ्यायचाच नाही. मी त्याला हट्टी समजले. घोडदळातून निवृत्त झालेल्या एका रिसालदार साहेबांनी खोगीर उतरवायला लावलं, माझी बोटं त्या खळग्यांत ठेवली आणि विचारलं, "हे आधीपेक्षा खोल झालेत, दिसत नाही?"

झालं होतं ते असं. अरुंद ट्रीची दोन टोकं चिमट्यासारखी पात्यामागच्या स्नायूंवर दाबतात. दाबाखाली स्नायू झिजतो. तो झिजला की खोगीर पुन्हा खाली बसतं, आणि माणूस ट्री आणखी अरुंद करायला धावतो. शिवाय पुढचा भाग उचलला गेल्यामुळे स्वार मागे कलतो आणि त्याचं वजन कमरेकडे जातं.

म्हणून नीट ऐका: विदर्सवर किती बोटं जागा आहे, यावरून ट्रीची रुंदी कळत नाही. जागा हवीच, स्वार बसल्यावरही दोन बोटं हवी. पण रुंदी कळते ती ट्रीच्या कोनावरून. पुढच्या गादीखाली तळवा सपाट घालून वरून खाली न्या. दाब सगळीकडे सारखा लागला तर कोन बरोबर. खालच्या टोकाला हात आवळला तर ट्री अरुंद, वर आवळून खाली सैल पडला तर रुंद. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. अनेक घोड्यांचा एक खांदा मोठा असतो. मोठ्या खांद्याला बसेल असा ट्री घ्यायचा आणि लहान बाजू भरायची. उलट कधीच नाही.

खळगे असलेल्या घोड्याला ट्री घ्यायचा तो स्नायू परत भरल्यावरच्या पाठीचा. तोवर जागा खिसे असलेल्या नमद्यात पातळ फेल्टचे थर घालून भरायची. स्नायू येऊ लागला की एकेक थर काढायचा. मराठीत निरुपयोगी भर म्हणजे खोगीरभरती, पण खोगिराखाली योग्य जागी घातलेल्या त्या थरांनीच माझा घोडा सुधारला. मात्र आधीच अरुंद असलेल्या खोगिराखाली जाड नमदा घालू नका. घट्ट बुटात जाड मोजा घातल्यासारखं होतं. "जेल पॅड टाका, सगळं ठीक होईल" असं कुणी सांगितलं तर पॅड तिथेच ठेवून घरी या.

मापासाठी चित्रकलेच्या दुकानातली वाकणारी कर्व्ह पट्टी आणा. पात्यामागे दोन बोटांवर ती पाठीला चिकटवून दाबा, आकार जाड कागदावर उतरवा, कापा, तारीख लिहा. कारागिराला कानपूरला फोनवरून "मीडियम" सांगण्यापेक्षा हा कागद पाठवा.

तोल आणि गाद्या

सीटवर गोल पेन्सिल आडवी ठेवा. ती घरंगळून सीटच्या मधोमध थांबली पाहिजे. पुढचा उंचवटा आणि मागचा कठडा यांच्या उंचीची तुलना करत बसू नका. ड्रेसेजच्या खोगिराचा कठडा उंचच असतो. मग गादीखालून हात पुढून मागे फिरवा. मध्ये पोकळी लागली तर वजन फक्त दोन टोकांवर येतं, असं खोगीर परत करा.

तंगाचे पट्टे सरळ खाली, तंगाच्या नैसर्गिक जागी पडावेत. आखूड तंगाची बक्कल कोपराला घासू नये.

आता तुम्ही

बसल्यावर तुमच्या मागे कठड्यापर्यंत तळहाताएवढी जागा हवी. साडेसतरा की अठरा इंच, हे मांडीच्या लांबीवरही ठरतं. पण अठरा इंची खोगीर त्या खडूच्या खुणेमागे जात असेल तर ते या घोड्यासाठी नाही. इथे मी कुणाचंही ऐकत नाही.

रिकीब सोडा, पाय लोंबकळू द्या. मांड्या बाहेर ताणल्यासारख्या वाटून कुल्हे दुखू लागले तर मांड्यांमधला भाग तुम्हाला रुंद आहे. आता रिकिबीचा पट्टा पाहा. तो लोंबत्या पायाच्या पुढे पडत असेल तर तुम्ही कायम खुर्चीत बसल्यासारखे बसाल, आणि प्रशिक्षक वर्षानुवर्षं "टाच मागे" ओरडत राहतील. कान, खांदा, कुल्हा, टाच एका रेषेत आणण्यासाठी तुम्हाला झगडावं लागत असेल तर खोगीर बदला. गुडघ्यापुढचे मोठे उंचवटे पाय जखडतात. मी लहानच घेते.

चालवून पाहणं

चाळीस मिनिटं, दोन्ही हातांना, दुडकी आणि कँटरसह. उतरल्यावर पाठ पाहा. मणक्यावर कोरडी पट्टी असणं ठीक. पात्यामागे घामात एखादा कोरडा ठिपका दिसला तर बहुधा तिथे फार दाब आहे. मागून व्हिडिओही काढून घ्या. खोगीर सतत एकाच बाजूला सरकत असेल तर कारागिराआधी पशुवैद्याला बोलवून मागचे पाय तपासा. मागच्या पायातला बारीक लंगडेपणा असाही दिसतो.

लोकर भरलेल्या गाद्या वापरानं दबतात, म्हणून नवं खोगीर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पुण्यात पावसाळ्यात काम कमी होतं आणि पाठ उतरते, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास नवा कागद काढून जुन्यावर ठेवा. माझ्या त्या घोड्याचा आठव्या महिन्याचा कागद पहिल्यावर ठेवला तेव्हा दोन रेषांमध्ये बोटभर अंतर होतं. त्या दिवशी मी शेवटचा थर काढला.