जर्मनीतील पहिले सत्र: नव्याने जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या विद्यार्थ्याची सारी शक्ती एपीएस प्रमाणपत्र (भारतातल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी झाल्याचा दाखला), प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याखाण्याच्या खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायचे खाते) आणि व्हिसा यांतच खर्च झालेली असते, आणि त्यामुळे विमानात बसताना अवघड टप्पा पार पडला असे त्याला वाटू लागते. माझ्या अनुभवाने सांगायचे तर खरा बदल त्यानंतर सुरू होतो. आपल्याकडे परीक्षेचा अर्ज भरण्याची सूचना वर्गात दिली जाते, तारीख चुकली तर विलंब शुल्क भरून वाट निघते आणि कोणी ना कोणी आठवण करून देतोच. जर्मनीत विद्यार्थ्याला पूर्ण जबाबदार प्रौढ समजले जाते, त्यामुळे त्याच्या मागे लागून कोणी काही करवून घेत नाही. विचारले तर मात्र बहुतेक ठिकाणी नीट आणि पूर्ण माहिती मिळते. वेळेवर विचारण्याची ही सवय पहिल्या काही आठवड्यांत लागली, तर पुढची निम्मी धावपळ वाचते.

पहिले काम पत्त्याच्या नोंदणीचे, म्हणजे आनमेल्डुंगचे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करावी, असा कायदा आहे आणि त्यासाठी घरमालकाने सही करून दिलेले, तुम्ही तिथे राहता असे सांगणारे पत्र लागते. म्हणून खोली ठरवतानाच ‘या पत्त्यावर नोंदणी करता येईल का?’ हा प्रश्न विचारावा. नोंदणी होणार नाही असे सांगून स्वस्तात दिली जाणारी खोली अखेरीस महागच पडते, कारण कर ओळख क्रमांक याच नोंदणीनंतर टपालाने येतो आणि निवास परवान्याच्या अर्जालाही तिचा दाखला जोडावा लागतो. ब्लॉक्ड अकाउंटमधली रक्कम एकदम हाती येत नाही. सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला 992 युरो तुमच्या चालू खात्यात जमा होतात. ते खाते सुरू होईपर्यंतचा खर्च आणि खोलीची अनामत यांसाठी वेगळे पैसे जवळ असलेच पाहिजेत. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी घेता येते, आणि अनेक घरमालक ती पूर्ण घेतात.

इथे एका लहानशा गोष्टीवर मुद्दाम थांबतो. इमारतीच्या दाराशी पत्रपेट्यांची रांग असते आणि प्रत्येक पेटीवर फ्लॅटचा क्रमांक नसून राहणाऱ्यांची आडनावे असतात. पेटीवर तुमचे नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. बँकेचे कार्ड, त्याचा पिन, विमा कंपनीची पत्रे आणि कर ओळख क्रमांक हे सगळे टपालाने येते, आणि एवढ्या महत्त्वाच्या पाकिटांचा प्रवास एका चिठ्ठीवाचून अडतो. खोलीच्या किल्ल्या मिळाल्या की त्याच दिवशी ठळक अक्षरांत नाव लिहून ती पट्टी पेटीवर आणि दारावरच्या घंटीजवळ लावावी. आलेले प्रत्येक पत्र उघडावे, समजले नाही तर कोणाकडून तरी वाचून घ्यावे आणि फाइलला लावून ठेवावे. सार्वजनिक प्रसारणाच्या शुल्काचे, म्हणजे रुंडफुंकबायट्रागचे पत्र पाहून पुष्कळ विद्यार्थ्यांना ती फसवणूक वाटते. ते शुल्क खरे आहे. दरमहा 18.36 युरोंची ही आकारणी माणशी नसून घरामागे असते, म्हणून एकत्र राहणाऱ्यांपैकी एकाच्या नावाने ते भरून बाकीच्यांनी आपापला वाटा त्याला द्यावा.

आता अभ्यास. साधारणपणे एका सत्रात 30 क्रेडिट घेणे अपेक्षित असते आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचे काम गृहीत धरलेले असते. म्हणजे सहा क्रेडिटचा विषय हा दीडशे तासांहून कमी कामाचा नाही, आणि आठवड्याला चार तासिका धरल्या तरी त्यातला जेमतेम तिसरा भाग वर्गात जातो. उरलेला वेळ तुमच्यावर सोपवलेला असतो. अनेक विषयांत हजेरी घेत नाहीत, सत्राच्या मध्यावर चाचणी नसते आणि संपूर्ण गुण शेवटच्या एका परीक्षेवर ठरतात, त्यामुळे डिसेंबरपर्यंत सगळे सुरळीत चालले आहे असा भास सहज होतो. विषयाबरोबर होणारे सरावाचे वर्ग ऐच्छिक असले तरी ते सोडू नयेत, कारण परीक्षेतल्या प्रश्नांची जातकुळी तिथेच कळते.

परीक्षेला बसण्यासाठी ठरलेल्या मुदतीत स्वतः नोंदणी करावी लागते. मुदत टळली की पुढच्या संधीची वाट पाहण्यावाचून सहसा गत्यंतर नसते. याहून गंभीर बाब म्हणजे एका विषयाची परीक्षा किती वेळा देता येते यावर मर्यादा असते. पुष्कळ अभ्यासक्रमांत अशा तीन संधी असतात आणि त्या सगळ्या वाया गेल्या तर विद्यापीठातून नाव कमी होते. मग तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. ‘जाऊन बघू, नाहीतर पुन्हा देऊ’ ही आपल्याकडची वृत्ती इथे धोक्याची आहे. तयारी झाली नसेल तर मुदतीत नोंदणी मागे घ्यावी, आजारी पडल्यास त्याच दिवशी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे आणि आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली पहिल्याच महिन्यात शेवटच्या पानापर्यंत वाचावी. ती बहुधा जर्मन भाषेत असते. तरीही वाचावी, आणि जिथे शंका येईल तिथे अभ्यासक्रम समन्वयकांना ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे. गुणांचा क्रम उलटा असतो: 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर उत्तीर्ण.

प्राध्यापकांशी बोलताना संकोच करणाऱ्या विद्यार्थ्यांचे मला फार वाईट वाटते. शिक्षकांच्या मताला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा आहे असे आपल्या मनावर लहानपणापासून ठसलेले असते, तर तिथे प्रश्न न विचारणाऱ्याला विषयात रस नाही असा समज होतो. भेटीच्या तासाला प्रश्न लिहून नेला आणि थेट मुद्द्याला हात घातला, तर बहुतेक प्राध्यापक मनापासून समजावून सांगतात. पुढे प्रबंधाचा विषय आणि मार्गदर्शक मिळण्यात या ओळखी उपयोगी पडतात.

अर्धवेळ नोकरीबाबत माझे मत स्पष्ट आहे: घरची परिस्थिती अगदीच निकडीची नसेल तर पहिल्या सत्रात ती धरू नये. 1 मार्च 2024 पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, तेव्हा नंतर संधी भरपूर असते. पहिले सत्र अभ्यासाला आणि भाषेला द्यावे. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी सरकारी कचेरी, डॉक्टरांचा दवाखाना, घरमालक आणि पुढे नोकरीची मुलाखत ही सगळी जर्मनचीच ठिकाणे आहेत.

राहता राहिला मनाचा भाग, आणि तो कमी महत्त्वाचा मुळीच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, भारताशी अंतर साडेतीन तासांचे साडेचार होते आणि रात्री निवांत घरी फोन करावा तर तिकडे सगळे झोपलेले असतात. डिसेंबरात बर्लिनला सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. रविवारी दुकाने बंद असतात, रस्ते ओस पडतात. अशा काळात आपल्या भाषेतल्या मित्रांचा आधार अमोल असतो, पण उठणे-बसणे केवळ त्यांच्यातच राहिले तर दोन वर्षे उलटूनही शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते. जर्मन सहाध्यायी आपणहून घरी बोलावत नाहीत याचा अर्थ त्यांना तुम्ही नकोसे आहात असा नसतो. ओळख व्हायला त्यांना एखादे सामायिक काम लागते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वर्ग त्यासाठी उत्तम, आणि त्यांची फीही परवडणारी असते. उजेड असेल तेवढा वेळ रोज बाहेर पडावे. आणि उठावेसे वाटत नाही, घरचा फोन घेववत नाही, अशी अवस्था आली तर विद्यार्थी सेवा संस्थेकडे, म्हणजे श्टुडीरेंडेनवेर्ककडे जावे. यांतील अनेक संस्था मोफत मानसिक समुपदेशन देतात आणि बऱ्याच ठिकाणी ते इंग्रजीतही मिळते. भेटीची वेळ मिळायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून नोव्हेंबरात झोप बिघडू लागली तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात नाव नोंदवावे.