काटोलच्या बागेत लोरावॅन सेन्सर बसवण्यापूर्वीची तयारी

संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण (बहार यावा म्हणून तोडलेले पाणी) जानेवारीत पाणी देऊन तोडायचा असतो आणि जमिनीतल्या ओलाव्याचे लोरावॅन सेन्सर, म्हणजे थोड्या विजेवर दूरवर रेडिओ संदेश पाठवणारे सेन्सर, त्याआधी बागेत लागले पाहिजेत. म्हणून सामान नागपूरहून काटोलकडे निघण्यापूर्वीच पुढील कामे टेबलावर उरकावीत. अँटेना, सीलबंद डबे आणि केबल-टाय यांविषयी सांगायला नको. सेन्सर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या भारतीय पट्ट्यावर लावलेले आहेत, एवढे पाहावे.

प्रत्येक सेन्सरची १२८ बिटांची एईएस किल्ली (संदेश सांकेतिक करणारा गुप्त आकडा) वेगळी हवी. धुऱ्यावरच्या खांबावरून एखादा सेन्सर काढून नेणे कोणालाही जमते आणि किल्ली एकच असेल, तर त्या एकापायी सगळी बाग उघडी पडते. डीबग पोर्टही (तार जोडून सेन्सरच्या आतली माहिती वाचण्याची जागा) याच कारणाने बंद करावा. किल्ल्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत.

आता फ्रेम काउंटर. मागच्या खेपेस हाच राहिला होता, म्हणून याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रत्येक संदेशाला चढता क्रमांक असतो आणि आधीच्यापेक्षा मोठा क्रमांक असेल तरच सर्व्हर (संदेश गोळा करणारा संगणक) तो स्वीकारतो; हवेतून टिपलेला जुना संदेश कोणी पुन्हा सोडला, तर तो याच तपासणीत अडतो. एबीपी पद्धतीच्या, म्हणजे किल्ल्या आधीच भरून ठेवलेल्या सेन्सरमध्ये हा काउंटर नुसता रॅममध्ये असला, तर बॅटरी बदलताच तो शून्यावर येतो, सर्व्हर पुढचे सगळे संदेश टाकून देतो आणि बागेत खोळंबलेला माणूस सर्व्हरवरची तपासणीच बंद करून मोकळा होतो. हे कदापि करू नये. त्यानंतर कालचा ‘ओल पुरेशी आहे’ हा संदेश कोणीही परत पाठवू शकतो आणि झाडे तहानलेली असताना पडद्यावर ओल दिसत राहते. शिवाय तीच किल्ली आणि तोच क्रमांक पुन्हा वापरला गेला, की दोन संदेशांवर एकच सांकेतिक प्रवाह चढतो आणि त्या दोहोंची तुलना करून मजकुराचा माग काढता येतो.

म्हणून काउंटर वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवावा. दर वेळी लिहिल्यास फ्लॅश झिजते. दर १०० संदेशांनी एकदा लिहावे आणि पुन्हा सुरू होताना त्यात १०० मिळवावेत. ओटीएए पद्धतीत सेन्सर हवेतून जोडणी मागून नव्या किल्ल्या घेतो, पण तिथेही सुटका नाही: लोरावॅनच्या २०२० च्या १.०.४ आवृत्तीपासून जोडणी मागताना सेन्सर पाठवतो तो डेव्हनॉन्स हाही चढता आकडा आहे आणि तोही असाच जपावा लागतो. तपासणी चालू ठेवून बॅटरी काढावी, परत घालावी आणि संदेश स्वीकारला जातो का ते पाहावे. ही चाचणी नमुन्यादाखल एकावर नव्हे, प्रत्येक सेन्सरवर करावी.

सेन्सरचे संदेश सर्व्हरकडे पोचवणाऱ्या गेटवेचा मूळ पासवर्ड बदलावा. गेटवेवरून संदेश पुढे धाडणारा जुना यूडीपी फॉरवर्डर ओळख तपासत नाही, त्याऐवजी टीएलएसवरची (ओळख तपासणारी, सांकेतिक) जोडणी घ्यावी. लहरी कोंडणाऱ्या जॅमरवर खात्रीचा इलाज नाही. सेन्सर गप्प झाल्यास इशारा येईल असे करावे.

बागेत बॅटरी बदलणाऱ्याला एवढे बजावून ठेवावे, की सर्व्हरवर नवी नोंद दिसल्याशिवाय त्याने जागेवरून हलू नये आणि नोंद आली नाही, तर काउंटरच्या तपासणीला हात न लावता आधी फोन करावा.