ॲडमिरलचं चरित्र लिहायचंय? आधी छातीवरच्या फिती वाचा

४ डिसेंबर हा नौदल दिन. तो जवळ आला की मुंबईत सोसायटीच्या स्मरणिकेपासून माजी विद्यार्थ्यांच्या अंकापर्यंत कुठे ना कुठे एखाद्या निवृत्त ॲडमिरलवर लेख येतो. बहुतेक लेख १९७१ च्या युद्धातल्या कराचीवरच्या हल्ल्याबद्दलच्या 'यांनी कराची पेटवली' या एकाच वाक्यावर उभे असतात. ते वाक्य निदान चार वेगवेगळ्या माणसांबद्दल छापून आलेलं आहे. तुमच्या ॲडमिरलने नेमकं काय केलं, हे ठरवायला आठवणी फारशा उपयोगी पडत नाहीत. सन्मान, हुद्दे आणि तारखा यांवरूनच ते कळतं.

सुरुवात फोटोपासून करा. गणवेशावर पदकं आणि फिती डाव्या छातीवर लावतात. फोटोत त्या उजव्या छातीवर दिसल्या तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे, आधी ती सुलटी करून घ्या. मग वरची ओळ घ्या आणि बघणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे वाचत जा, कारण मानाने सर्वात वरचा सन्मान तिथे असतो. इथेच पहिली चूक होते. लोक धरून चालतात की शौर्याचं पदक सगळ्यांच्या पुढे असणार. तसं नाही. परमवीर चक्र आणि अशोक चक्र खूप वर आहेतच, पण पद्मविभूषण, पद्मभूषण आणि परम विशिष्ट सेवा पदक हे महावीर चक्राच्याही आधी येतात, आणि अति विशिष्ट सेवा पदक वीर चक्राच्या आधी. म्हणजे पहिली फीत दिसली की लगेच 'रणांगणातला पराक्रम' लिहायचं नाही.

जुने फोटो कृष्णधवल असतात, त्यामुळे रंग कळत नाहीत. तरी बरंच वाचता येतं. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी, त्यामुळे पांढरा अर्धा भाग लख्ख उठून दिसतो. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. ती करड्या छटांमध्ये पटकन हरवते, भिंग लागतं. विशिष्ट सेवा पदकांची फीत सोनेरी आणि तिच्यावर गडद निळ्या बारीक रेघा: परम विशिष्टला एक, अति विशिष्टला दोन, विशिष्टला तीन. रेघा मोजल्या की झालं, रंगाची गरज नाही. एक खोच लक्षात ठेवा. ही पदकं १९६० साली सुरू झाली तेव्हा त्यांना विशिष्ट सेवा पदक श्रेणी १, २, ३ म्हणत. आजची नावं १९६७ पासूनची. त्याआधीच्या कागदावर 'श्रेणी २' दिसलं तर ते अति विशिष्ट सेवा पदक समजा. आणि सर्वोत्तम युद्ध सेवा पदक १९८० चं, ते १९७१ च्या युद्धासाठी मिळालं असं लिहू नका.

पदकं घरच्यांकडे असतील तर हातात घेऊन कड बघा. बहुतेक पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव असतं, आणि हुद्दा पदक मिळालं त्या वेळचा असतो. कड कोरी असेल तर ती नक्कल असू शकते. चोरबाजारात अशा नकला पैशाला पासरी मिळतात. ब्रासो लावून घासू नका, कडेवरची अक्षरं त्यानेच जातात.

युद्धात भाग घेतल्याची पदकं वेगळी. 'पूर्वी स्टार' आणि 'पश्चिमी स्टार' हे १९७१ मध्ये त्या त्या आघाडीवर असलेल्यांना, समर सेवा स्टार १९६५ साठी. ही पराक्रमाची नव्हेत, पण माणूस कुठल्या किनाऱ्यावर होता ते सांगतात. आयएनएस विक्रांत १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात होती. विक्रांतवरून कराचीवर हल्ला केल्याचं वाक्य दरवर्षी कुठेतरी छापून येतंच.

आता तक्ता. वहीत आडवी पाच घरं आखा: कधीपासून, कधीपर्यंत, जहाज किंवा कार्यालय, त्या वेळचा हुद्दा, पुरावा. पुराव्याचं घर रिकामं असेल तर ती ओळ पेन्सिलीने लिहा. हा कंटाळवाणा भाग आहे, पण खरं चरित्र इथेच तयार होतं. गोंधळ होतो तो चार ठिकाणी.

पहिला, किनाऱ्यावरच्या 'जहाजां'चा. आयएनएस आंग्रे, कुंजली, हमला ही मुंबईतली तळांची नावं आहेत, ती पाण्यावर तरंगत नाहीत. 'आंग्रेवरून समुद्रसफरी केल्या' असं वाक्य छापून आलं की वाचणारा नौसैनिक पुढचं पान उलटत नाही. दुसरा, एकाच नावाची अनेक जहाजं. तलवार हे १९४६ च्या नौसैनिकांच्या उठावात कुलाब्याच्या सिग्नल स्कूलचं नाव होतं, १९७१ मध्ये ते फ्रिगेट होतं, आजची तलवार तिसरीच. खुकरी १९७१ मध्ये बुडाली, त्या नावाची दुसरी नौका १९८९ मध्ये आली. तिसरा, काळानुसार बदललेली नावं. २६ जानेवारी १९५० पर्यंत नौदल 'रॉयल' होतं आणि जहाजांच्या नावाआधी एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लावत. पश्चिम नौदल कमांड १९६८ ची. त्याआधी मुंबईत फ्लॅग ऑफिसर बॉम्बे असे. १९६० सालाबद्दल लिहिताना 'पश्चिम कमांडचे प्रमुख' लिहाल तर पकडले जाल.

चौथा हुद्द्यांचा. नौदलातला कॅप्टन हा भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा. भूदलातला कॅप्टन म्हणजे इकडचा लेफ्टनंट. निळ्या गणवेशाच्या बाहीवर कॅप्टनच्या चार पट्ट्या, कमोडोरची एक रुंद पट्टी, मग रुंद पट्टीच्या वर रिअर ॲडमिरलला एक, व्हाइस ॲडमिरलला दोन, ॲडमिरलला तीन. नौदलप्रमुख म्हणजे पूर्ण ॲडमिरल, हेही नेहमी खरं नाही. भास्कर सोमन १९६२ ते १९६६ प्रमुख होते, १९६५ चं युद्ध त्यांच्याच काळात झालं, पण ते व्हाइस ॲडमिरल होते. प्रमुखाला पूर्ण ॲडमिरलचा हुद्दा १९६८ मध्ये ए. के. चॅटर्जींपासून मिळाला.

कागद कुठे मिळतील? सन्मानाची अधिसूचना भारताच्या राजपत्रात येते, शौर्यपदकांची प्रशस्तिपत्रं संरक्षण मंत्रालयाच्या पोर्टलवर वाचता येतात. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सन्मान लंडन गॅझेटमध्ये मिळतात आणि ते नेटवर फुकट आहे. उदाहरणार्थ, १९७१ मध्ये पूर्व कमांड सांभाळणाऱ्या व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांच्याकडे महायुद्धातला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस होता. जुन्या मराठी नियतकालिकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, इंग्रजीसाठी टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. डिसेंबर १९७१ च्या बातम्यांतले शत्रूच्या नुकसानीचे आकडे जसेच्या तसे उचलू नका, युद्ध चालू असताना छापलेले आहेत ते. मानखुर्दच्या चीता कँपला ब्यूरो ऑफ सेलर्समध्ये फक्त खलाशांच्या नोंदी. अधिकाऱ्याच्या फाइलसाठी तिथे गेलात तर दिवस फुकट जातो, ती दिल्लीच्या नौदल मुख्यालयात असते.

मुख्यालयाला पत्नी किंवा मुलांच्या सहीचं पत्र आधी पाठवा. त्याने काम झालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. 'संपूर्ण सेवापुस्तिका द्या' असं मागितलं की नकार ठरलेला. नेमणुकांची यादी तारखांसह आणि सन्मानांच्या अधिसूचनांचे क्रमांक, एवढंच मागा. वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेसाठी कलम ८(३) चा उल्लेख करा. वैयक्तिक माहितीचं कारण तिथे टिकत नाही, सुरक्षेचं मात्र टिकतं. उत्तर ३० दिवसांत आलं नाही तर प्रथम अपील.

आता युद्ध. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र चार पायऱ्यांवर मांडून बघा. दिल्लीत प्रमुख ॲडमिरल नंदा, मुंबईत पश्चिम कमांडचे व्हाइस ॲडमिरल कोहली, समुद्रावर क्षेपणास्त्र बोटींच्या ताफ्याचे कमांडर बब्रू भान यादव, आणि निपात, निर्घात, वीर या बोटींचे तीन लेफ्टनंट कमांडर. निर्घातच्या क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानी विनाशिका खैबर बुडाली. नंदांना पद्मविभूषण, कोहलींना पद्मभूषण, यादवांना महावीर चक्र, बोटींच्या कप्तानांना वीर चक्र. या वाटणीतच उत्तर आहे: वरच्यांना निर्णयाचा आणि तयारीचा मान, खालच्यांना आगीत शिरल्याचा. म्हणून ॲडमिरलच्या परिच्छेदात क्रियापदं 'ठरवलं', 'परवानगी दिली', 'ताफा उभा केला' अशी हवीत. 'डागलं' हे त्याचं क्रियापद नाही. निर्णय म्हणजे काय तेही दाखवा. त्या बोटी किनारा राखण्यासाठी बनलेल्या, पल्ला तोकडा. त्यांना कराचीपर्यंत न्यायचं म्हणजे सोबत मोठी जहाजं आणि तेलाची नौका द्यायची, आणि त्या सगळ्यांचा धोका स्वतःच्या सहीवर घ्यायचा.

हाच नियम नुकसानीलाही लावा. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानी हँगोर पाणबुडीने खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. पश्चिम किनाऱ्यावर त्या काळात हुकूम देणाऱ्या कुणाच्याही चरित्रात ही रात्र हवी. कराची असेल आणि खुकरी नसेल, तर तो गौरवलेख झाला. वादाच्या गोष्टी वाद म्हणूनच लिहा: विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानी गाझी पाणबुडी आपल्या राजपूत विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जनी (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनी) बुडाली की आतल्या स्फोटाने, यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं आहे.

तारखांच्या बाबतीत, रात्रीची कारवाई '४-५ डिसेंबर' अशी लिहा. पाकिस्तानी घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. मध्यरात्रीच्या आसपासची त्यांची वेळ घेतली तर तारीख बदलते. समुद्री मैल १,८५२ मीटरचा, त्याला नुसतं 'मैल' म्हणू नका. सन्मानाला तर तीन तारखा असतात: कृतीची, घोषणेची, राष्ट्रपती भवनात स्वीकारल्याची. कुठली दिली आहे ते सांगा.

बालपण, शाळा, लग्न एका परिच्छेदात आटपा. घरच्यांनी आग्रह केला तर दोन.

शेवटी फोटोओळी. तारीख नसेल तर जहाजाच्या मागचा ध्वज बघा. लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा म्हणजे २६ जानेवारी १९५० नंतरचा आणि २००१ पूर्वीचा. क्रॉस नसून निळं नौदल चिन्ह असेल तर २००१ ते २००४. क्रॉसच्या मध्यावर सिंहमुद्रा आली ती २००४ नंतर, आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन सप्टेंबर २०२२ पासून. अष्टकोन दिसत असेल तर तो फोटो १९७१ चा म्हणून लावू नका, ॲडमिरलसाहेब त्यात कितीही रुबाबदार दिसत असले तरी.