ग्रुपने नेमबाजीच्या रेंजवर जायचंय? 10 मीटरपासून लांब पल्ल्यापर्यंतची तयारी

300 मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग 100 मिलिमीटर व्यासाची असते, 50 मीटरच्या टार्गेटवर 10.4 मिलिमीटरची. कोनात मोजली तर 50 मीटरची रिंगच जास्त बारीक निघते. म्हणून ज्याला लांब पल्ल्याची नेमबाजी शिकायची आहे त्याने 50 मीटरवर, पडून, .22 रायफलने (नळीचं बोअर सुमारे 0.22 इंच) सुरुवात केली तर त्याचं काहीही वाया जात नाही. अंतर वाढलं की वारा आणि गोळीचं खाली येणं या दोनच गोष्टी वाढतात, आणि दोन्ही 50 मीटरवर शिकता येतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, त्या याच 50 मीटर प्रोन, म्हणजे पडून नेमबाजीच्या प्रकारात.

त्याच्याही आधी 10 मीटर एअर रायफल. .177 बोअर आणि 20 ज्यूलच्या आत ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ग्रुपमधल्या नवख्यांचा पहिला दिवस तिच्यावरच काढा.

तारीख ठरवण्याआधी

मराठवाड्यात 10 मीटरची रेंज बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी क्रीडा संकुलात किंवा खासगी क्लबमध्ये सापडते. 50 मीटरची लेन मात्र फोन करून, ती सध्या चालू आहे का हे विचारूनच धरा. ती जवळ नसेल तर पुण्यातलं बालेवाडीचं क्रीडा संकुल हा ठरलेला पर्याय. सकाळी लवकरची लेन हवी असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. पाच तास गाडी हाकून आलेल्याचा हात स्थिर राहत नाही. जालना आणि हिंगोलीला राज्य राखीव पोलीस दल आहे, पण पोलिसांच्या रेंज दलाच्या सरावासाठी असतात. तिथे ओळखीने जायचा बेत आखू नका.

.22 साठी क्लबला तीन गोष्टी लेखी विचारा: सभासद नसलेल्याला देखरेखीखाली गोळी झाडता येते का, काडतुसं क्लबची मिळतील का, आणि रेंज ऑफिसर, म्हणजे हुकूम देणारा आणि सुरक्षा पाहणारा माणूस, त्यांचा असेल का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर आधी सभासदत्व घ्या.

कुणी स्वतःचं परवान्याचं हत्यार आणणार असेल तर दोन बाबी हमखास आडव्या येतात. एक, निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. दोन, आपल्याकडे सणवार, मोर्चे, आंदोलनं यांच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) आणि 37(3) खाली शस्त्रबंदी आणि जमावबंदीचे आदेश लागतात. जिल्हा प्रशासनाची प्रसिद्धीपत्रकं पाहा आणि ठाण्यात विचारून घ्या. मूळ परवाना सोबत, हत्यार रिकामं आणि पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात.

शेत मोकळं आहे, मागे माळ आहे, म्हणून रायफल घेऊन बांधावर निशाणे लावायचे, हा विचार मनातून काढूनच टाका. .22 ची साधी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. माळावर गुराखी असतो, उसाच्या फडात माणसं असतात, आणि मुरमाड दगडावर आपटून गोळी कुठे वळेल हे कुणालाच सांगता येत नाही. मंजुरी असलेली रेंज आणि तिच्या मागचा मातीचा बांध, एवढीच जागा.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हुरड्याचे दिवस असल्याने शनिवार-रविवारी माणसं जमत नाहीत, तेव्हा तारीख महिनाभर आधी पक्की करा. मे महिन्यात दहानंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळांमुळे टार्गेट पाण्यात पाहिल्यासारखं हलतं, जून-जुलैत पश्चिमेचा वारा थांबत नाही.

माणसं, डिटेल आणि वेळ

12 जण आणि 4 लेन हे प्रमाण चांगलं जमतं. चौघांचं एक डिटेल, अशी तीन डिटेल. प्रत्येकाला अर्धा तास: 5 मिनिटं मांडणी, 20 मिनिटं नेम, 5 मिनिटं रायफल रिकामी करून टार्गेट काढणं. एक फेरी दीड तासाची, दोन फेऱ्या म्हणजे तीन तास, त्याआधी अर्धा तास सुरक्षेची माहिती. आठला सुरू केलं तर बाराच्या आत आटोपतं. एक डिटेल लेनवर, दुसरं तयारीत, तिसरं नेम धरायच्या रेषेच्या मागे बसून. रेंज ऑफिसर त्या दिवशी स्वतः नेम धरत नाही, यात सवलत नको. त्याच्या जोडीला नवख्यांच्या मागे उभे राहायला दोन जाणते हवेत, आणि नोंदी ठेवायला एक जण.

10 मीटर आणि 50 मीटर एकाच दिवशी उरकायचा मोह होतो. नवख्यांना तो झेपत नाही: मोकळ्या रेंजवर 50 मीटरसाठी सकाळचा शांत वारा हवा, आणि नेमका तोच वेळ 10 मीटर शिकण्यात जातो. दोन वेगळे दिवस ठेवा.

सामानाचा हिशेब सोपा आहे. एअर रायफलसाठी माणशी 40 छर्रे धरले तर बारा जणांना 480, म्हणजे 500 चा एक डबा. कागदी टार्गेटवर सरावात पाच-पाच नेम घेतले तर माणशी 8, एकूण 100 आणा. 50 मीटरला सहा जण जाणार असतील तर माणशी 30 प्रमाणे 180 काडतुसं, 50 च्या चार पेट्या. चारही एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेच्या घ्या, कारण लॉट बदलला की ग्रुपिंगची, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांच्या झुबक्याची, जागा सरकते आणि नवखा आपलीच चूक शोधत बसतो. एअर रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख तपासा: दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर वापरायचा नाही. 200 बार दाबाला भरलेल्या सिलिंडरवर दीड-दोनशे नेम निघतात, तरी भरायचा पंप किंवा टाकी जवळ असू द्या. शिवाय कानात घालायचे प्लग, चष्मे, प्रत्येक रायफलला रंगीत सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी खूण), चटया, साबण आणि पाण्याचा जार. धपाटे-दही सोबत आणा, पण खाणं रेषेपासून दूर आणि हात साबणाने धुऊनच. छर्रे आणि गोळ्या शिशाच्या असतात. गर्भवती बाईने आणि लहान मुलांनी रेषेजवळ थांबू नये.

रेषेवरची शिस्त

हुकूम चारच ठेवा: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. स्टॉप कुणीही म्हणू शकतो आणि तो ऐकताच बोट ट्रिगरवरून बाहेर. पुढे कुणीही जाणार असेल तर सगळ्या रायफली रिकाम्या, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा खटका) उघडे, फ्लॅग घातलेले, आणि तोवर कुणी रायफलीला हात लावत नाही. नवखा गडबडतो तो शेवटचा नेम झाल्यावर: आनंदाने मागे वळतो आणि रायफलही त्याच्याबरोबर वळते. मागे उभ्या जाणत्याने त्याच क्षणी नळीवर लक्ष ठेवायचं.

.22 चं काडतूस फुटलं नाही तर नळी टार्गेटकडेच धरून 30 सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा नेम घ्यायचाच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते. रिकाम्या रायफलीची नळी तपासल्याशिवाय काही नको.

पडून नेम

शरीर रायफलीच्या रेषेला थोडं तिरकं ठेवा. डावा हात स्लिंगमध्ये, म्हणजे रायफलीच्या पट्ट्यात, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीशी किमान 30 अंश; स्पर्धेचा नियमही तोच आहे. वजन हाडांनी आणि स्लिंगने पेलायचं, स्नायूंनी नाही. आता डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. निशाणा डावीकडे गेलेला दिसला तर हाताने ओढून आणू नका. डावा कोपर जागेवर ठेवून कंबर सरकवा. ओढून आणलेली रायफल नेम सुटताच पुन्हा आपल्या जागी पळते आणि ग्रुपिंग आडवं पसरतं. उभं पसरलं तर बहुधा श्वास पूर्ण थांबलेला नसतो. श्वास अर्धा सोडून थांबा आणि सहा-आठ सेकंदांत नेम घ्या. झाला नाही तर रायफल खाली घेऊन पुन्हा सुरू करा. ट्रिगर दाबल्यावर एक क्षण तसंच राहणं नवख्यांना सगळ्यात अवघड जातं, कारण टार्गेट पाहायची घाई असते.

झिरो

झिरो करणं म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी साइट, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, जुळवणं. एका नेमावरून साइट फिरवायची नाही. पाच नेम घ्या, त्यांचा मध्य पकडा, तिथून मोजा. एक मिनिट ऑफ अँगल, म्हणजे एमओए (अंशाचा साठावा भाग), 100 मीटरवर 2.9 सेंटिमीटर आणि 50 मीटरवर 1.45 सेंटिमीटर भरतो. दुर्बिणीची चकती फिरवताना होणारा एक क्लिक पाव एमओएचा असेल तर 50 मीटरवर तो 3.6 मिलिमीटर. समजा मध्य 3 सेंटिमीटर खाली आणि दीड सेंटिमीटर उजवीकडे आहे: 30 भागिले 3.6 म्हणजे 8 क्लिक वर, 15 भागिले 3.6 म्हणजे 4 क्लिक डावीकडे. पुन्हा पाच नेम. ग्रुपिंग चार-पाच सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल तर क्लिकला हात न लावता आधी शरीराची मांडणी सुधारा.

वारा

इथे लांब पल्ल्याचं खरं शिक्षण सुरू होतं. सुती कापडाच्या 5 सेंटिमीटर रुंद, 40 सेंटिमीटर लांब पट्ट्या रेषेपासून 10 आणि 30 मीटरवर लावा. बाजूने ताशी 16 किलोमीटरचा वारा असेल तर साधी .22 मॅच, म्हणजे स्पर्धेची, गोळी 50 मीटरवर दोन-सव्वादोन सेंटिमीटर सरकते. मधोमध बसणारी गोळी आठच्या कडेला जाते. 100 मीटरवर तोच वारा तिला नऊ सेंटिमीटरच्या आसपास नेतो: अंतर दुप्पट, सरकणं चौपट.

वारा तिरका, नेमाच्या रेषेशी 45 अंशातून असेल तर परिणाम 70 टक्के धरा, 30 अंशातून असेल तर निम्मा. आपल्याजवळच्या पट्टीला जास्त महत्त्व द्या, कारण गोळी सुरुवातीलाच वळली की ते वळण पुढे सगळ्या अंतरभर वाढत जातं. वारा सरळ डाव्या-उजव्या बाजूला ढकलतो असंही नाही. उजव्या पिळाच्या नळीतून (आतल्या खाचा गोळीला उजवीकडे फिरवतात) गेलेली गोळी उजवीकडच्या वाऱ्यात डावीकडे आणि किंचित वर जाते, डावीकडच्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली. नवख्याने वाऱ्यासाठी क्लिक फिरवत बसू नये. पट्टीची एक स्थिती निवडावी, तीच आली की नेम घ्यावा, बदलली की थांबावं.

वेगवान काडतूस घेतलं तर वारा कमी लागेल असं वाटतं. .22 मध्ये उलटं होतं: आवाजापेक्षा वेगाने निघालेल्या गोळीचा वेग लवकर मोडतो आणि वारा तिला जास्त ढकलतो. साधारण 325-330 मीटर प्रतिसेकंदाची मॅच काडतुसंच घ्या.

100 मीटरची लेन मिळाली तर 50 मीटरला झिरो केलेल्या रायफलीची गोळी साधारण 20 सेंटिमीटर खाली लागते. म्हणजे 7 एमओए, पाव एमओएच्या दुर्बिणीवर 28 क्लिक. काडतूस आणि दुर्बिणीची उंची बदलली की हा आकडा बदलतो, तेव्हा तुमचा आकडा वहीत लिहा. तारीख, तापमान, लॉट, अंतर, क्लिक आणि पट्टीची दिशा ही सहा घरं पुरतात. 300 मीटरची वाट क्लब आणि राज्य संघटनेतूनच जाते, आणि तिथे जाताना ही वही दाखवली तर प्रशिक्षकाला पहिल्याच भेटीत तुमचा अंदाज येतो.

निघताना काडतुसं मोजा: आणलेली, झाडलेली, न फुटलेली आणि उरलेली यांचा मेळ बसला पाहिजे. न फुटलेली काडतुसं घरी न्यायची नाहीत, रेंज ऑफिसरकडे द्यायची. टरफलं वेचून क्लबच्या डब्यात टाका, आणि रेंजवरचे कपडे घरी वेगळे धुवा.