'म्हणे'चं इंग्रजी करताना या चुका टाळा

'तो म्हणे दुबईला गेला.' या वाक्यातलं 'म्हणे' जबाबदारी झटकतं. कोण म्हणालं ते विचारू नका, मी ऐकलं ते सांगितलं, एवढंच. शब्द दोन अक्षरी आणि कुठेही बसणारा: 'म्हणे तो दुबईला गेला', 'गेला म्हणे तो दुबईला'. इंग्रजीत हे काम कर्मणी प्रयोगाच्या गळ्यात पडतं, आणि तिथे वाटेल तिथे बसायची मुभा नसते. ठाण्यातल्या नौपाड्यात मी संध्याकाळी नोकरदारांचे इंग्रजीचे वर्ग घेते. बॅच बदलते, पण वह्यांमधल्या या चुका काही बदलत नाहीत.

सगळ्यात जास्त लाल शाई या वाक्यावर जाते: 'ही इज सेड दॅट ही इज इन दुबई.' इथे रस्ते दोन आहेत. सुरुवात 'इट'ने केलीत तर मध्ये 'दॅट' आणि पुढे अख्खं वाक्य: 'इट इज सेड दॅट ही इज इन दुबई.' सुरुवात माणसाने केलीत तर 'दॅट' नाही, 'टू': 'ही इज सेड टू बी इन दुबई.' एका रस्त्याने निघून अर्ध्यात दुसऱ्यावर जाता येत नाही. फास्ट लोकल पकडून, ती थांबतच नाही त्या कळव्याला उतरतो म्हणण्यासारखं आहे ते. लिहून झालं की 'सेड'च्या पुढचा शब्द बघा. 'दॅट' असेल तर वाक्याच्या तोंडाशी 'इट' आहे ना, तेवढं तपासा. आणि शेवटी 'बाय पीपल' जोडू नका. लोकच म्हणतात, झाडं थोडीच म्हणणार!

काळ कुठे जातो?

मराठीत 'म्हणतात'च्या आधी काळ जसाच्या तसा राहतो: येतात म्हणतात, येतायत म्हणतात, आले म्हणतात. इंग्रजीत 'टू' लागला की क्रियापदाचा भूतकाळ गोठतो आणि विद्यार्थी गोंधळतात. 'फ्लेमिंगोज आर सेड टू केम' असं मी खरोखर वाचलेलं आहे.

ठाणे खाडीचंच उदाहरण घ्या. 'फ्लेमिंगोज आर सेड टू कम टू द क्रीक' म्हणजे ते दरवर्षी येतात म्हणे. 'आर सेड टू बी कमिंग' म्हणजे निघालेत म्हणे, वाटेत आहेत. 'आर सेड टू हॅव कम' म्हणजे आलेसुद्धा म्हणे, दुर्बीण काढा आणि ऐरोली गाठा. फरक फक्त 'टू'नंतरच्या दोन-तीन शब्दांचा, पण पहिलं वाक्य वाचून कोणी रजा टाकणार नाही, तिसरं वाचून टाकेल. मागे घडून गेलेलं काहीही सांगायचं असेल तर 'टू हॅव' हवंच. कौपिनेश्वराचं देऊळ मूळचं शिलाहारकालीन आहे असं म्हणतात. तिथे देवळाने काही केलेलं नाही, त्याला बांधलं गेलंय, म्हणून 'इज सेड टू हॅव बीन बिल्ट'. दोन कर्मणी एकात एक. जीभ अडखळते, पण बरोबर तेच.

दिसतं, वाटतं, लागतं

ऐरोलीत आयटीत असलेल्या एका विद्यार्थ्याने साहेबांना पाठवलेला मेल मला दाखवला: 'इट इज सीम्ड दॅट द सर्व्हर इज डाउन.' मी विचारलं, 'इज' कुठून आला? म्हणाला, 'मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना, असं समजलं जातं वगैरे असेल तर पॅसिव्ह करायचं.' चूक माझीही होती. 'सेड', 'थॉट', 'बिलीव्ह्ड' शिकवताना 'सीम' आणि 'अपिअर' त्या यादीत नाहीत हे मी सांगितलंच नव्हतं. या दोघांना कर्म नसतं, त्यामुळे कर्मणी होतच नाही. 'द सर्व्हर सीम्स टू बी डाउन', विषय संपला. अंदाज बांधल्याचा भाव त्यात मुळातच आहे.

जिभेचं आणि नाकाचंही असंच. 'द मिसळ इज टेस्टेड स्पायसी' याचा अर्थ मिसळ कुणीतरी चाखली, आणि पुढचा 'स्पायसी' लटकत राहिला. 'द मिसळ टेस्ट्स स्पायसी' म्हणा. 'इज सेड टू बी स्पायसी' तेव्हाच म्हणा, जेव्हा तुम्ही ती खाल्लेली नाही. ठाण्यात राहून मामलेदारची मिसळ खाल्ली नसेल तर ती वेगळी तक्रार.

'ॲज'ची चूक थेट मराठीतून येते. 'म्हणून ओळखलं जातं' मधला 'म्हणून' आपण इंग्रजीत सगळीकडे सोबत नेतो. 'ठाणे इज नोन ॲज द सिटी ऑफ लेक्स' हे बरोबर. 'रिगार्डेड'लाही 'ॲज' लागतो. पण 'कन्सिडर्ड'ला नको: 'शी इज कन्सिडर्ड अ गुड टीचर', फार तर 'टू बी' घाला. आणि तलावांसाठी प्रसिद्ध म्हणायचं असेल तर 'नोन फॉर इट्स लेक्स'.

'सांगतात'साठी 'इट इज टोल्ड दॅट' लिहू नका. 'टेल'ला ऐकणारा लागतो, म्हणून 'आय वॉज टोल्ड दॅट' किंवा सरळ 'इट इज सेड दॅट'. 'यू आर सजेस्टेड टू कम अर्ली' हेही कार्यालयीन पत्रांत सर्रास दिसतं. तिथे 'ॲडव्हाइज्ड' हवं. 'होप'चंही तसंच: 'इट इज होप्ड दॅट ही विल कम' चालतं, 'ही इज होप्ड टू कम' नाही.

'सपोज्ड टू' जरा फसवं आहे. 'द लेक इज सपोज्ड टू बी डीप' म्हणजे तलाव खोल आहे म्हणे. 'द लिफ्ट इज सपोज्ड टू बी वर्किंग' मात्र बहुतेक वेळा तोंड वाकडं करूनच म्हटलं जातं: चालू असायला हवी, पण नाही.

सवय लागली की उलटी चूकही होते, पक्क्या गोष्टीलाही 'म्हणे' चिकटतं. एका निबंधात होतं, 'द फर्स्ट ट्रेन इज बिलीव्ह्ड टू हॅव रन टू ठाणे इन 1853.' बिलीव्ह्ड कशाला? 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून गाडी सुटली आणि 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला आली, याची नोंद आहे. 'रॅन' लिहा.

खात्रीची पायरी

इथे मात्र मी स्वतः आपटले आहे. 'अलेज्ड' हा आरोपाचा शब्द; 'ही इज अलेज्ड टू बी अ गुड कुक' म्हटलंत तर स्वयंपाक चांगला करणं हा गुन्हा वाटेल. 'रूमर्ड' म्हणजे कुजबुज. 'सेड' आणि 'थॉट' मधले. 'नोन टू' म्हणजे शंकाच नाही, मी ग्वाही देतो.

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाक्या धुणाऱ्या ठेकेदाराने ऑक्टोबरची फेरी चुकवली असं दोन-तीन बिऱ्हाडांनी मला सांगितलं. पत्र इंग्रजीत हवं, म्हणून सेक्रेटरींनी माझ्याकडे दिलं. मनात 'धुतल्या नाहीत म्हणे' होतं आणि हाताने लिहिलं, 'यू आर नोन टू हॅव स्किप्ड द ऑक्टोबर क्लीनिंग.' 'वी हॅव बीन टोल्ड दॅट' लिहिलं असतं तर बिऱ्हाडांचं बोलणं बिऱ्हाडांच्या नावावर राहिलं असतं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. सोबत आमच्याच रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स, तारीख 19 ऑक्टोबर, खाली वॉचमनची सही. पत्रात एकच ओळ होती: 'नोन टू हूम, मॅडम?'